सायकल तीच, रस्ता तोच

आमच्या धायरीच्या सोसायटीत मी 'कॉम्प्युटरवाले वाघमारे' म्हणून ओळखला जातो. निवृत्त झाल्यापासून या ओळखीचा जाच वाढला आहे. कुणाचा प्रिंटर कागद गिळतो, कुणाचा पासवर्ड हरवतो, परवा तर एका गृहस्थांनी मिक्सर आणून दाखवला. नोकरीत मी नक्की काय करत होतो हे मात्र कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर उत्तर संपेपर्यंत थांबत नाही. दिवाळी अंकाची सोय त्या मानानं चांगली. वाचणारा मध्येच उठून गेला तरी लिहिणाऱ्याला पत्ता लागत नाही.

तर सांगतो. मी फाइली पोचवत होतो. एका यंत्रातली माहिती दुसऱ्या देशातल्या यंत्रात सुखरूप, वेळेवर आणि वाटेत कुणी न वाचता जावी, एवढंच माझं काम. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, एका सरकारी कार्यालयात शिपाई होते. सायकलच्या कॅरियरला टपालाची पिशवी आणि बगलेत पोचवही घेऊन ते पुणंभर फिरायचे. पोचवही म्हणजे ज्याला टपाल दिलं त्याची सही घ्यायची वही. तेव्हा पाहायला गेलं तर आमच्या घरात हे काम दुसऱ्या पिढीचं आहे. मला खुर्ची मिळाली, एसी मिळाला आणि माझ्या हुद्द्याचं नाव इंग्रजी होतं, एवढाच फरक.

देशाची दारं उघडली आणि पुण्यात गल्लोगल्ली सॉफ्टवेअरच्या कंपन्या निघाल्या, तेव्हा मी कर्वे रस्त्याजवळच्या एका तीन खोल्यांच्या कंपनीत लागलो. तिथं माहिती परदेशी पाठवायची म्हणजे टेपवर भरून कुरियरनं पाठवायची. एकदा विमानतळावर अधिकाऱ्यानं टेप हातात घेऊन विचारलं, "यात काय आहे?" मी म्हटलं, "माहिती." "रिकामी टेप आणि भरलेली टेप, वजनात फरक किती?" "काहीच नाही." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याला फसवतोय हे त्याला कळलंय, फक्त कसं ते कळत नाहीये. पुढे तारेवरून माहिती जायला लागली आणि असली मजा संपली.

मुख्य हकीकत हिंजवडीतली आहे. तोवर मी चाळिशी ओलांडली होती आणि एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीत नेटवर्क विभागाचा प्रमुख झालो होतो. आमच्याकडे एक निराळाच विभाग होता. त्याला सगळे हाडांचा विभाग म्हणायचे. अमेरिकेतल्या काही रुग्णालयांतून अपघातात जबडा किंवा कवटी मोडलेल्या माणसांचे स्कॅन यायचे. आमची मंडळी त्यावरून त्या हाडाची हुबेहूब प्रतिकृती संगणकावर तयार करून परत पाठवायची. ती समोर ठेवून तिकडचा डॉक्टर शस्त्रक्रियेची आखणी करायचा. विभागात शुभांगी धरून बावीस माणसं होती आणि ती त्यांची प्रमुख होती. शांत बाई, पण एकदा प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत दारातून हलायची नाही.

तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. आम्ही कंपनीच्या बसनं पोचायच्या आधीच स्कॅन यायला सुरुवात झालेली असे. एक स्कॅन पूर्ण यायला साडेचार तास लागायचे. दोन असले तर दुसरा हातात पडेपर्यंत दुपारचा चहा व्हायचा. मग शुभांगीच्या लोकांनी प्रतिकृती करायची कधी आणि तिकडची सकाळ उजाडायच्या आत परत पाठवायची कधी? साध्या रुग्णांच्या बाबतीत एक दिवस इकडेतिकडे चालून जायचा. पण रुग्णालयांना आता तातडीचे रुग्णही द्यायचे होते, ज्यांची शस्त्रक्रिया दुसऱ्याच दिवशी करायची असते. त्यांनी स्वच्छ कळवलं, की दोन आठवड्यांत वेळ साधली नाही तर काम दुसरीकडे देऊ. काम गेलं की विभाग बंद होणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

यावर सर्वांनी मिळून जो उपाय केला तो कुणीही केला असता. इंटरनेटची मोठी लाइन घेतली. जुनीच्या वीसपट रुंद. मीच शिफारस केली होती आणि ती घेताना मीटिंगमध्ये जरा छाती काढूनच बोललो होतो. लाइन सुरू झाली, पहिला स्कॅन आला आणि त्याला किती वेळ लागला? साडेचार तास. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

लाइन देणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर आले, त्यांनी तपासली, म्हणाले, लाइन उत्तम आहे. मी पुन्हा तपासली. खरंच उत्तम होती.

आमचे मोठे साहेब म्हणजे दामले. शनिवार पेठेत जन्मलेले, तिथंच वाढलेले. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्याची त्यांना गरजच पडायची नाही. ते म्हणाले, "वाघमारे, आपण रस्ता वीसपट रुंद करून घेतलात. आता त्यावरून काही जाणार आहे, की तो आपण नुसता पाहायला घेतलाय?"

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. फाइल उघडी पाठवत नाहीत. निघण्यापूर्वी तिची अक्षरं अशी उलटीपालटी करतात, की वाटेत कुणी हात मारला तरी त्याला निरर्थक कचरा दिसावा. ती सुलटी करायची किल्ली फक्त घेणाऱ्याच्या यंत्रात असते. हे काम करणाऱ्या प्रोग्रामला आम्ही आपसांत कुलूप म्हणायचो. साहजिकच संशय कुलपावर गेला. एक बनावट स्कॅन, म्हणजे ज्यात खरा रुग्णच नाही असा, कुलपाशिवाय मागवून पाहिला. तो वीस मिनिटांत आला.

झालं! खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे खुलले. चोर सापडला होता. रोज एवढं उलटंपालटं करायला यंत्राला वेळ लागणारच, असं सगळ्यांनी एकमेकांना समजावलं. रुग्णालयाचा तिकडचा माणूसही फोनवर म्हणाला, की रुग्णांची नावं काढून टाकू आणि कुलूप काढून पाठवू, तुमच्या नेटवर्क प्रमुखांनी तेवढं लिहून द्यावं. तो नेटवर्क प्रमुख म्हणजे मी.

मला ते पटत नव्हतं, पण का पटत नव्हतं हे सांगता येत नव्हतं. बोलली ती शुभांगी. कुलूप राहिलं तर तिचाच विभाग बुडणार होता. ती म्हणाली, "सर, दोन मिनिटं माझ्या टेबलाशी येता का?"

दामले साहेब आणि मी गेलो. तिनं एक स्कॅन उघडला. कुठं नाव नाही, गाव नाही. तिनं दोनचार बटणं दाबली. हाडावर स्नायू आले, त्यावर कातडी आली आणि पडद्यावर एक माणूस आमच्याकडे बघायला लागला. पन्नाशीचा असेल, नाक किंचित वाकडं, खालचा ओठ जाड. डोळे मिटलेले होते तरी तो बघतोय असंच वाटत होतं.

"नाव काढलंय," शुभांगी म्हणाली. "पण हा मला उद्या लक्ष्मी रोडवर भेटला तर मी ओळखीन. चेहऱ्याचीच हाडं आहेत सर. चेहरा कसा काढणार?"

दामले साहेबांनी वाकून तो चेहरा नीट पाहिला. मग मला म्हणाले, "सोमवारपर्यंत बघा. सोमवारी मला एकतर हे कुलूप काढायचं आपल्या सहीचं पत्र द्या, नाहीतर या बावीस जणांना काय सांगायचं ते सांगा."

आम्ही जायला निघालो तेव्हा शुभांगीनं मला विचारलं, "वाघमारे सर, सर्व्हर रूममध्ये ती जी पाटी आहे तुमची, ती ज्या यंत्रावर आहे, त्यात काय आहे?"

त्या पाटीचा खुलासा करतो. कंपनी लहान होती, लाइन केसाएवढी होती, तेव्हा एकानं मोठी फाइल मागवली की बाकीच्यांचं ईमेलसुद्धा अडकायचं. लोक माझ्या नावानं खडे फोडायचे. वैतागून मी कुलपाचा प्रोग्राम स्वतःच्या हातानं नव्यानं बांधला होता, मोठ्या फाइलींना वेसण घातली होती आणि एका वेळी एकच फाइल यावी अशी रांग लावून दिली होती. ते काम फार सुबक झालं होतं. कुणी त्यात लुडबुड करू नये म्हणून यंत्रावर माझ्या वळणदार अक्षरात कागदी पाटी चिकटवली होती: 'या यंत्राच्या मांडणीस कोणीही हात लावू नये. शंका असल्यास ती स्वतःजवळच ठेवावी. – आज्ञेवरून.' लोकांना ती आवडायची. पाहुणे आले की त्यांना मुद्दाम दाखवायचे. मला तिचा अभिमान होता, हे कबूल करतो.

शुभांगीला मी म्हटलं, "तिथं तुमची हाडं नाहीत." पुणेरी उत्तर दिल्याचं समाधान मला साधारण बसथांब्यापर्यंत पुरलं.

रविवारी सकाळी विहारात वंदनेला जाऊन आम्ही घरी आलो. जेवताना माझं लक्ष नव्हतं. दादांच्या ते ध्यानात आलं. निवृत्त होऊन त्यांना दहाएक वर्षं झाली होती. पुण्यात जन्म गेला, पण बोलणं गावचंच राहिलं.

"काय झालं रं? भाजी कडू हाय का?"

मी टाळलं असतं, पण का कुणास ठाऊक, सगळं सांगितलं. फाइल म्हणजे एक मोठं पुस्तक समजा, म्हटलं. ते एकदम जात नाही. त्याची पानं सुटी करून एकेक पाठवतात. पोचलेल्या पानांची पोच समोरच्याकडून परत येते. नाही आली तर ते पान पुन्हा पाठवायचं. दादांना हे समजायला काहीच वेळ लागला नाही. त्यांनी हेच केलं होतं.

"पोच यायला येळ लागतो?"

"अमेरिकेहून यायचं म्हणजे लागणारच. तशी डोळ्याचं पातं लवायच्या आत येते, पण यंत्राच्या हिशेबानं तो फार मोठा वेळ."

"मग पोच येईस्तवर पाठवणारा काय करतो?"

"ठरलेली पानं पाठवून झाली की थांबतो."

दादांनी घास खाली ठेवला. "आमच्याकडं एक हेडक्लार्क आला हुता," ते म्हणाले. "त्याच्या आधी कवातरी एक टपाल गहाळ झालं हुतं. त्याची त्यानं इतकी धास्ती घेतली, की नियमच काढला. एक टपाल न्यायचं, सही घ्यायची, परत येऊन त्याला वही दाखवायची, मगच दुसरं न्यायचं. शिवाजीनगर ते कॅम्प, कॅम्प ते शिवाजीनगर. दिवसभर पायडल मारून चार टपालं व्हायची. सायेब म्हणायचे, शिपाई आळशी हाय. कुणी म्हणालं, सायकल बदला. नवी सायकल दिली. तरी चारच."

"मग?"

"मग त्याची बदली झाली. दुसरा आला. तो म्हणाला, वाघमारे, पिशवी भरून न्या, सह्या घ्या, सांजच्याला वही दाखवा. चाळीस टपालं व्हाया लागली. सायकल तीच, रस्ता तोच, मी तोच. नुसता हेडक्लार्क बदलला." मग त्यांनी सहज विचारलं, "तुमच्यात किती पानांनंतर थांबायचं ते कोण ठरवतं? पाठवणारा का घेणारा?"

"घेणारा," मी म्हणालो. स्कॅन घेणारे आम्हीच होतो.

सोमवारी पहिल्या बसनं मी हिंजवडीला गेलो. मनात आलेलं खरं आहे का ते पाहायला एक साधी युक्ती होती. आजवर रांगेचा नियम असल्यामुळे दोन फाइली एकदम कधी आल्याच नव्हत्या. मी रांग तेवढ्यापुरती बाजूला ठेवून दोन बनावट स्कॅन एकाच वेळी, कुलूप लावून, मागवले. लाइन अपुरी असती तर दोघांनी एकमेकांची वाट अडवली असती. कुलपाचं काम यंत्राला जड जात असतं तरी दोन्ही रेंगाळले असते. तसं काही झालं नाही. दोघेही जोडीनं, एकमेकांना धक्का न लावता, आपल्या नेहमीच्या चालीनं येत होते. म्हणजे लाइन मोकळी होती आणि कुलूपही निर्दोष होतं. पाठवणारा मधल्या वेळात नुसता उभा होता, आमच्या सहीची वाट बघत. उघड्या फाइलीला ही वाट बघावी लागत नव्हती, कारण तिच्या वाटेत माझा प्रोग्रामच नव्हता.

मी ते यंत्र उघडलं. पाटी त्याच्याच दारावर होती, ती हातानं बाजूला करावी लागली. माझ्याच बांधणीत, मीच लिहिलेला, तो आकडा मिळाला: पोच देण्याआधी किती माल घ्यायचा. कंपनी लहान असतानाच्या केसाएवढ्या लाइनीला साजेसा, अगदी मुठीएवढा. लाइन मध्ये एकदा वाढली, आता आणखी वीसपट झाली, तरी आमची मूठ तेवढीच होती. लाइन बदलताना या एका यंत्राकडे कुणी पाहिलं नव्हतं, कारण पाटी होती. इतरांचं सोडा, मीही पाहिलं नव्हतं. माझ्या आज्ञेचं सगळ्यांत काटेकोर पालन मीच केलं होतं.

आकडा मोठा केला, प्रोग्राम नव्यानं बांधला, रांग मोडली. एवढ्याला दुपार झाली. मग बनावट स्कॅन कुलपासकट मागवला आणि शुभांगीला बोलावलं. ती आली, तिच्यामागून तिचे लोक आले आणि शेवटी दामले साहेबही आले. फाइल किती आली ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी सरकताना मी पहिल्यांदाच पाहिली. आजवर ती सरकते हे नुसतं ऐकून माहीत होतं. बावीस मिनिटं लागली.

"कुलूप काढलंत?" शुभांगीनं विचारलं. तिच्या आवाजात आनंद नव्हता, भीती होती. त्या क्षणी मला या बाईबद्दल जो आदर वाटला तो अजून आहे.

"नाही. लावलेलंच आहे. बघा." मी वाटेतली अक्षरं दाखवली. निव्वळ कचरा. दामले साहेबांनाही पटेना. त्यांनी चष्मा पुसून स्वतः पाहिला. इतका सुंदर कचरा त्यांनी आयुष्यात पाहिला नसावा.

"मग दोष कुणाचा होता?" ते म्हणाले.

मला खोटं बोलायला जागा होती. तांत्रिक भाषेत चार वाक्यं फेकली असती तर कुणी विचारलंही नसतं. पण दादांचा हेडक्लार्क डोळ्यांसमोर होता. मी ती पाटी काढून साहेबांच्या हातात ठेवली. "हेडक्लार्कचा," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. शुभांगीकडे वळून म्हणालो, "तुम्ही विचारलं होतंत. मी उद्धटपणा केला. माफ करा."

ती म्हणाली, "सर, मी मागच्या वर्षीपण विचारणार होते. पण पाटीवर लिहिलंय ना, शंका स्वतःजवळच ठेवावी."

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती खरंच सांगत होती. माझ्या एका विनोदामुळे शहाणी माणसं वर्षभर गप्प बसली आणि तिकडे कुणीतरी मोडक्या जबड्यानिशी एकेक दिवस जास्त थांबलं, ही खंत माझ्या सगळ्या नोकरीत मोठी आहे आणि ती जात नाही.

दामले साहेबांनी पाटी दोनदा वाचली. "अक्षर चांगलं आहे," एवढंच बोलले आणि ती आपल्याबरोबर घेऊन गेले.

त्या आठवड्यात पहिला तातडीचा रुग्ण आला. आम्ही ऑफिसात पोचलो तेव्हा स्कॅन येऊन पडलेला होता. प्रतिकृती संध्याकाळच्या चहाला निघाली आणि दुसऱ्या दिवशी तिकडच्या डॉक्टरचं उत्तर आलं, की शस्त्रक्रिया नीट झाली, माणूस बोलतोय. विभाग बंद झाला नाही. पुढे वाढला, त्याला निराळा मजला मिळाला. शुभांगी मधूनमधून तक्रार करायची, की स्कॅनची वाट बघताना जो निवांत चहा व्हायचा तो तुम्ही बंद केलात.

मी निवृत्त झालो त्या दिवशी दामले साहेब, स्वतः केव्हाच निवृत्त झालेले, शनिवार पेठेतून रिक्षानं आले होते. त्यांनी मला एक पाकीट दिलं. "आपला कागद आमच्याकडे राहिला होता," म्हणाले. आत ती पाटी होती. घरी आणून दादांना दिली. दादा आता पंच्याऐंशीच्या घरात, नजर अधू झालेली. त्यांनी ती डोळ्यांशी नेऊन वाचली, हसले आणि सवयीनं उलटी केली. मी उलटी करून पाहिलीच नव्हती.

मागे दामले साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'वरील आज्ञा आजपासून रद्द. शंका आल्यास ताबडतोब विचारावी. हाडांच्या विभागातील सर्वांनी वाचून सही करावी.' तारीख त्याच सोमवारची होती. खाली एकाखाली एक सह्या. पहिली शुभांगीची.

दादांनी बोट ठेवलं आणि एकेक सही मोजत खाली आले. पोचवही हातात घेतल्यावर मोजायचे तसे, ओठ हलवत. मध्ये एकदा चुकले, पुन्हा वरून सुरुवात केली. शेवटच्या सहीवर बोट टेकवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बावीस," ते म्हणाले. "एकबी सही ऱ्हायली न्हाई."